देवाला आधीच ठाऊक होतं, मग त्यानं थांबवलं का नाही? दुःख, विश्वास आणि पूर्वज्ञान: ॲनाबॅप्टिस्ट परंपरेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात मृत्यू झाला किंवा दुर्धर आजार निघाला, की सांत्वनाला आलेल्यांपैकी कुणीतरी "देवाची योजनाच तशी होती" असं म्हणून जातं. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र त्यानंतर कित्येक दिवस एकच विचार फिरत राहतो: म्हणजे हे देवानं ठरवून केलं? सोळाव्या शतकातल्या ॲनाबॅप्टिस्टांना हा प्रश्न तुरुंगात, जंगलात लपून बसताना, नवरा किंवा बायको वधस्थळी नेली जात असताना पडला. त्यांनी शोधलेली उत्तरं मराठी वाचकांपर्यंत फारशी आलेली नाहीत. ती ख्रिस्ती मंडळींना उपयोगी पडतीलच, पण ख्रिस्ती नसलेल्या जिज्ञासूंनाही कळावीत, अशा बेतानं इथे मांडली आहेत.

ॲनाबॅप्टिस्ट म्हणजे नेमके कोण?

२१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये फेलिक्स मान्झच्या आईच्या घरी काही जण जमले. कॉनराड ग्रेबेलनं जॉर्ज ब्लाउरॉक या माजी धर्मगुरूला बाप्तिस्मा दिला आणि मग ब्लाउरॉकनं इतरांना. या सगळ्यांचा तान्हेपणी बाप्तिस्मा झालेला होताच. पण विश्वास म्हणजे काय हे ज्याला अजून कळत नाही त्याला दिलेला बाप्तिस्मा खरा नव्हे, या निष्कर्षाला ते बायबलचा नवा करार वाचून आले होते. विरोधकांनी त्यांना 'पुन्हा बाप्तिस्मा देणारे' म्हणून हिणवलं आणि तेच नाव इतिहासात राहिलं. आजचे मेनोनाईट, आमिश आणि हटराइट हे त्यांचे वारस. बॅप्टिस्ट मंडळ्या वेगळ्या. त्या सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज ख्रिस्ती लोकांतून निघाल्या, ॲमस्टरडॅममध्ये त्यांचा मेनोनाईटांशी संबंध आला, पण दोन्ही परंपरा एक नाहीत.

नुसत्या बाप्तिस्म्यासाठी एवढा छळ?

त्या काळी बाळाचा बाप्तिस्मा झाला की ते मंडळीचं, म्हणजे चर्चचं, आणि राज्याचंही होऊन जाई. मोठेपणी स्वतः निवडून बाप्तिस्मा घ्यायचा, शपथ घ्यायची नाही, तलवार धरायची नाही, असं म्हणणारे लोक राज्यकर्त्यांना व्यवस्थेच्या मुळावर उठलेले वाटले. फेलिक्स मान्झला ५ जानेवारी १५२७ रोजी झुरिकमधून वाहणाऱ्या लिमाट नदीत बुडवून मारलं, आणि तेही प्रोटेस्टंट नगरसभेच्या हुकमानं. १५२९ मध्ये श्पायरच्या साम्राज्यसभेनं पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्यांना देहान्ताची शिक्षा ठरवली. त्या शतकात एकूण किती जण मारले गेले याचा इतिहासकारांचा अंदाज साधारण २,००० ते २,५०० चा आहे. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांशी लढत होते, पण या लोकांच्या बाबतीत दोघांचंही एकमत होतं.

दुःखाविषयी त्यांची मूळ भूमिका काय होती?

त्यांना दुःखाचं आश्चर्य वाटत नसे. हे समजल्याशिवाय त्यांचं पुढचं काहीच समजत नाही.

योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्मा, पाणी आणि रक्त हे तीन साक्षीदार येतात. त्यावरून त्यांनी तीन बाप्तिस्म्यांची शिकवण मांडली. आधी आत्म्याचा बाप्तिस्मा, म्हणजे अंतःकरणात देवाचं काम. मग पाण्याचा, म्हणजे मंडळीसमोर दिलेली कबुली. आणि शेवटी रक्ताचा, म्हणजे त्या कबुलीसाठी जे सोसावं लागेल ते. पाण्यात उतरणाऱ्याला तिसऱ्याची तयारी ठेवूनच उतरायचं असे. लिओनहार्ट शीमर हा फ्रान्सिस्कन मठ सोडून आलेला उपदेशक तिरोलमधल्या रॅटेनबर्गच्या तुरुंगात असताना कृपेविषयी आणि या तीन बाप्तिस्म्यांविषयी लिहीत होता. १४ जानेवारी १५२८ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

सुरुवातीच्या ॲनाबॅप्टिस्ट लेखकांपैकी एक असलेल्या हान्स डेंकचं एक म्हणणं या सगळ्या परंपरेचा गाभा मानलं जातं: जो ख्रिस्ताच्या मागे आपल्या जगण्यानं चालत नाही, त्याला ख्रिस्त खऱ्या अर्थानं कळतच नाही. ज्याच्या मागे चालायचं तो स्वतः वधस्तंभाकडे, म्हणजे क्रुसाकडे, गेला. मग त्या वाटेवर काटे लागले तर वाट चुकली असं कसं म्हणायचं? आज आपण 'देवानं माझ्यावर हे का आणलं' असं विचारतो. त्यांचा प्रश्न असा असे: हे आलंय, आता यात ख्रिस्ताचा शिष्य म्हणून मी कसं वागू?

देवाला सगळं आधीच ठाऊक असेल, तर माणसाला निवड उरतेच कुठे?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

१५२४ मध्ये इरॅस्मस या विद्वानानं माणसाच्या इच्छास्वातंत्र्याची बाजू मांडली. पुढच्याच वर्षी प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरनं त्याला कडाडून उत्तर दिलं की पापानं माणसाची इच्छा बांधली गेलेली आहे आणि देवाला जे आधी ठाऊक आहे ते अटळपणे घडतंच. झुरिकचा सुधारक झ्विंग्ली आणि पुढे जिनिव्हाचा कॅल्व्हिन यांनी तर घडणारी प्रत्येक गोष्ट देवाच्या संकल्पातून येते, इथवर ही मांडणी नेली. ॲनाबॅप्टिस्ट या वादात बहुतेक करून इच्छास्वातंत्र्याच्या बाजूला राहिले.

त्यांच्यातला सर्वांत शिकलेला माणूस म्हणजे बाल्थाझार हुबमायर, ईश्वरविज्ञानाचा डॉक्टर. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या मोरावियातल्या निकोल्सबुर्ग गावी १५२७ मध्ये त्यानं इच्छास्वातंत्र्यावर दोन पुस्तिका लिहिल्या. लिहिण्यामागचं कारण तो सुरुवातीलाच देतो. लोक नव्या उपदेशातून दोनच वाक्यं शिकलेत, असं तो म्हणतो. एक, विश्वासानं तारण होतं. दुसरं, आपल्या हातून चांगलं काही होऊच शकत नाही, करणारा देवच. या दोन वाक्यांच्या आडोशानं आळस आणि दुराचार माजलाय, ही त्याची व्यथा होती. म्हणजे पूर्वज्ञानाच्या चर्चेत तो शिरला तो लोकांचं वागणं बघून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. 'सगळं आधीच ठरलंय' या वाक्याचा माणसावर काय परिणाम होतो, हे त्यानं आधी पाहिलं आणि मग तर्क मांडला.

त्याचा तर्क थोडक्यात असा. माणूस म्हणजे शरीर, जीव आणि आत्मा. आदामाच्या पतनानं, म्हणजे पहिल्या माणसानं देवाची आज्ञा मोडल्यानं, शरीर पुरतं बिघडलं. आत्मा बिघडला नाही, पण कैदेत पडला. जीव या दोघांच्या मधे जखमी होऊन पडला, बरंवाईट ओळखण्याची शक्ती गमावून बसला. ख्रिस्ताच्या वचनानं आणि पवित्र आत्म्यानं जीव बरा होतो, आणि मग तो देवाचं ऐकायचं की शरीराचं, हे खरोखर निवडू शकतो. हे स्वातंत्र्य माणसानं कमावलेलं नाही, ते कृपेनं परत मिळालेलं आहे. पण मिळाल्यावर ते खरं आहे, नावापुरतं नाही. म्हणून कुणी नाश पावला तर त्याचा दोष देवावर टाकता येत नाही.

मग पूर्वज्ञानाचं काय? माहीत असणं वेगळं आणि घडवून आणणं वेगळं, ही रेघ या परंपरेनं पुन्हापुन्हा ओढली आहे. नेदरलँड्समध्ये १६१० साली हान्स द रीस आणि लुबर्ट गेरिट्स यांनी जो विश्वासाचा जाहीरनामा तयार केला त्यातही हेच आहे: देवाला सगळं आधीच दिसतं, पण वाईट त्यानं नेमलेलं नाही.

शास्त्रातला एक प्रसंग यासाठी मी नेहमी पुढे करते. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू आपला शिष्य पेत्र याला सांगतो की कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील. तसंच घडतं. येशूला ठाऊक होतं म्हणून पेत्राच्या तोंडून ते शब्द निघाले का? अंगणात विस्तवाजवळ पेत्र भ्याला, म्हणून निघाले. आणि लूकच्या बाविसाव्या अध्यायात येशू त्याच वेळी आणखी एक गोष्ट सांगतो: तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. ज्याला पुढचं ठाऊक आहे तोच इथे पडणाऱ्यासाठी आधीच विनंती करतोय. देवाचं पूर्वज्ञान कसं असतं हे समजून घ्यायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

पण रोमकरांस पत्रात देवानं आधीच नेमलं असं स्पष्ट लिहिलंय ना?

लिहिलं आहे, आणि ते ॲनाबॅप्टिस्टांनी कधी झाकलं नाही. आठव्या अध्यायातला क्रम मात्र पाहावा. तिथे पूर्वज्ञान आधी येतं आणि नेमणं नंतर, आणि नेमलं कशासाठी, तर पुत्राच्या प्रतिमेसारखं होण्यासाठी. कोण वाचणार आणि कोण नाही याची यादी त्या वाक्यात नाही. नवव्या अध्यायात याकोब, एसाव, फारो येतात तेव्हा हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल इस्राएल आणि परराष्ट्रीय या दोन समूहांविषयी बोलतोय, आणि अकराव्या अध्यायापर्यंत वाचत गेलं तर तोडलेल्या फांद्या पुन्हा कलम होऊ शकतात असं तोच सांगतो. फारोचं मन देवानं कठीण केलं असं निर्गमात आहे, तसंच फारोनं आपलं मन स्वतः कठीण केलं असंही त्याच पुस्तकात अनेकदा आहे.

हुबमायर इथे देवाच्या गुप्त इच्छेत आणि प्रकट इच्छेत फरक करतो. देव सर्वसमर्थ आहे, तो काय करू शकतो याला सीमा नाही. पण आपल्याला जगायचं आहे ते त्यानं ख्रिस्तात उघड केलेल्या इच्छेवर, आणि ती इच्छा सर्वांना जवळ ओढते. नाकारणाऱ्यापासून मात्र देव तोंड फिरवतो. गुप्त इच्छेत डोकावून आपली किंवा शेजाऱ्याची गणितं मांडणं हे आपलं काम नव्हे.

मग वाईटाचं मूळ देवात आहे का?

नाही. यावर डेंकनं १५२६ मध्ये आउग्सबुर्गला असताना एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. देव सगळं करतो असं शास्त्र म्हणतं, मग पापही तोच करतो का, असा तिचा विषय. त्याचं म्हणणं की देव कुणावर जबरदस्ती करत नाही, कारण जबरदस्तीनं केलेली सेवा त्याला नकोच आहे. पाप अशक्य करून टाकायचं तर माणसाला दगडासारखं करावं लागेल, आणि दगडाला प्रीती करता येत नाही. डेंक १५२७ च्या नोव्हेंबरात बाझेलमध्ये प्लेगनं वारला. न्युरेंबर्गहून हाकलल्यापासून तो जवळजवळ तीन वर्षं गावोगाव हिंडत होता.

ठाऊक असूनही देवानं थांबवलं का नाही? सरळ उत्तर द्या.

सरळ उत्तर असं की या परंपरेनं त्याचं पूर्ण स्पष्टीकरण दिलेलं नाही, आणि मला त्यात तिचा प्रामाणिकपणा दिसतो.

डर्क विलेम्सची हकिकत पाहा. हॉलंडमधल्या आस्पेरेन गावचा हा माणूस. आपल्या घरी लोकांना बाप्तिस्मा देऊ दिला म्हणून तो पकडला गेला. कैदेतून निसटून गोठलेल्या पाण्यावरून पळाला. कैदेत खाल्लेल्या अपुऱ्या अन्नानं हलका झाल्यामुळे तो पार गेला, पण पाठलाग करणाऱ्याच्या पायाखालचा बर्फ फुटला. डर्क मागे वळला आणि त्याला बाहेर काढलं. वाचलेल्या माणसाला डर्कला सोडून द्यायचं होतं, पण काठावरून नगराधिकाऱ्यानं त्याला शपथेची आठवण करून दिली, आणि डर्क पुन्हा पकडला गेला. १६ मे १५६९ रोजी त्याला जाळलं. त्या दिवशी जोराचा पूर्वेचा वारा होता. ज्वाळा शरीराच्या वरच्या भागापासून दूर जात राहिल्या, त्यामुळे मरण लांबलं. शेजारच्या लेरडाम गावात लोकांनी त्याला सत्तरहून अधिक वेळा "हे माझ्या प्रभू, माझ्या देवा" म्हणताना ऐकलं.

थीलेमन यान्स व्हान ब्राख्टनं १६६० मध्ये हुतात्म्यांच्या हकिकतींचा जो प्रचंड ग्रंथ छापला, 'हुतात्म्यांचा आरसा', त्यात हे सगळं आहे, वाऱ्यासकट. देवानं वारा का थांबवला नाही, यावर टीप नाही. चमत्कार जोडून गोष्ट गोड केलेली नाही. १६८५ च्या दुसऱ्या आवृत्तीत यान लायकेनची १०४ चित्रं आली, आणि त्यातलं डर्कचं चित्र जगभरच्या मेनोनाईटांना ओळखीचं आहे. त्यात तो वाकून दोन्ही हात पुढे करतोय. ज्या लोकांनी हा ग्रंथ घराघरांत जपला, त्यांना देव चांगला आहे हे सिद्ध करण्यासाठी दुःखाची कड घासून बोथट करावी लागली नाही.

माझं स्वतःचं मत सांगायचं तर, देव प्रत्येक दुष्कृत्य थांबवत नाही याचा संबंध तो माणसांशी कसा वागायचं ठरवतो याच्याशी आहे. गेथशेमानेच्या बागेत अटक होत असताना बारा सैन्यांहून अधिक देवदूत मागता आले असते, असं येशू मत्तयाच्या शुभवर्तमानात म्हणतो. त्यानं मागितले नाहीत. देवाची सत्ता ख्रिस्तात अशी दिसते. ती दुबळी नाही, पण तलवारीची भाषा ती बोलत नाही. हे मी दुःखात बुडालेल्या माणसाला पहिल्या दिवशी सांगणार नाही. त्या दिवशी त्याच्या घरी डबा न्यायचा.

म्हणजे देवाची योजना वगैरे काही नसतंच?

असते. जुन्या करारात, भावांनीच गुलाम म्हणून विकलेला योसेफ पुढे त्यांना म्हणतो की तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवानं त्यातून चांगलं योजलं. वाईटाची योजना भावांची, हे तो लपवत नाही. वधस्तंभाच्या बाबतीतही प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात पेत्र दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात ठेवतो: देवाच्या संकल्पानं आणि पूर्वज्ञानानं येशू स्वाधीन केला गेला, आणि तुम्ही त्याला मारलं. पुत्राला देऊन टाकणं देवाचं, खिळे ठोकणं माणसांचं. मारणाऱ्यांचा दोष देवाच्या पूर्वज्ञानानं पुसला जात नाही.

तेव्हा 'या दुःखातूनही देव काही चांगलं घडवू शकतो' हे म्हणता येतं. 'हे दुःख देवानंच घडवलं' हे वाक्य त्याहून फार वेगळं आहे.

माझा कॅन्सर, माझ्या मुलाचा अपघात हा 'माझा वधस्तंभ' आहे का?

सुरुवातीच्या ॲनाबॅप्टिस्टांच्या लिखाणात वधस्तंभाचा मुख्य अर्थ म्हणजे ख्रिस्ताच्या मागे चालल्यामुळे आलेलं दुःख, जे टाळता आलं असतं. मान्झ बाप्तिस्मा द्यायचं थांबला असता तर जगला असता. ज्याच्या नावावरून मेनोनाईट हे नाव पडलं त्या मेन्नो सिमन्सनं १५३६ मध्ये कॅथलिक धर्मगुरूपद सोडलं नसतं तर त्याच्या बायकोला आणि लहान मुलांना वर्षभर निर्धास्त राहायला एखादी झोपडीही न मिळण्याची वेळ आली नसती. त्यानं हे स्वतःच लिहून ठेवलंय. १५४२ मध्ये त्याच्या डोक्यावर १०० गिल्डरचं इनाम लागलं.

कॅन्सर कुणी निवडत नाही. म्हणून त्याला घाईनं वधस्तंभाचं नाव देऊ नये. आजारपणासाठी शास्त्रात विलाप आहे, स्तोत्रं आहेत, ईयोब आहे, वडीलजनांनी येऊन प्रार्थना करावी असं याकोबाच्या पत्रात आहे. मंडळीनं भार वाहायचा असतो. आमिश मंडळ्यांत दवाखान्याचं मोठं बिल आलं की सगळी मंडळी मिळून ते भरते, हा त्या शिकवणीचा सरळ परिणाम. असं दुःख आपण निवडलेलं नसलं, तरी त्यात ख्रिस्त सोबत नाही असा याचा अर्थ अजिबात नाही.

हे कर्मसिद्धान्तासारखंच नाही का? मागचं भोगायचं, एवढंच ना?

नाही, आणि आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांतही हा गोंधळ दिसतो. "आपल्याच कुठल्या पापाची शिक्षा असेल" हे वाक्य उपासनेहून परतणाऱ्यांच्या तोंडीही असतं. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य नेमकं हेच विचारतात: हा जन्मतः आंधळा आहे, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांहून जास्त पापी होते का, हा प्रश्न लूकच्या तेराव्या अध्यायात आहे, आणि त्याचंही उत्तर नाही असंच आहे. दुःखावरून माणसाच्या पापाचा हिशेब मांडायला येशूनं मनाई केली आहे.

पुरेसा विश्वास असता तर दुःख टळलं असतं का?

ज्यांना जाळलं, बुडवलं, त्यांच्यात विश्वासाची कमतरता होती असं कोण म्हणेल? इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासानं सिंहांची तोंडं बंद करणारे आहेत, आणि विश्वासानंच करवतीनं चिरले गेलेलेही आहेत.

आणि जे छळाला घाबरून मागे फिरले?

असे पुष्कळ होते, आणि त्यांच्याविषयी फार कमी बोललं जातं. खुद्द हुबमायरनं १५२६ मध्ये झुरिकच्या तुरुंगात यातनायंत्रावर ताणल्यावर आपली शिकवण मागे घेतली. सुटल्यावर त्यानं लिहिलं की माणूस म्हणून माझ्या चुका होऊ शकतात, पण पाखंडी मी होणार नाही. पुढे मोरावियात त्यानं पुन्हा मंडळी उभी केली, इच्छास्वातंत्र्याच्या त्या पुस्तिका लिहिल्या, आणि १० मार्च १५२८ रोजी व्हिएन्नामध्ये त्याला जाळलं. तीन दिवसांनी त्याची बायको एल्सबेथ हिला डॅन्यूबमध्ये बुडवलं. जो एकदा मोडला, त्याच माणसानं मानवी इच्छेच्या जखमेवर आणि तिच्या बरं होण्यावर लिहिलं. तो परत उभा राहू शकला, हे त्या पुस्तिका वाचताना विसरू नये.

स्वतःला देवाच्या हाती सोपवणं म्हणजे 'जे होईल ते होऊ दे' असंच ना?

जर्मन भाषेत याला गेलासेनहाइट म्हणतात. मध्ययुगीन गूढवाद्यांकडून ही कल्पना आली, आणि आमिश व हटराइट लोकांच्या कपड्यांत, घरांत, बोलण्याच्या संथपणातही ती दिसते. हटराइटांनी तर मालमत्ता सामाईक केली, कारण 'माझं' ही पकड सैल व्हायला हवी. यात निष्क्रियता नाही. स्वतःची मर्जी सोडून देवाची मर्जी करायला लागायचं, आणि देवाची मर्जी बहुधा काहीतरी काम सांगते: उपाशी माणसाला वाढ, शत्रूला क्षमा कर, शेजाऱ्याचं जळालेलं कोठार बांधून दे.

या शिकवणीचा गैरवापर होत नाही का? "सोसत राहा" असं पीडितांनाच सांगितलं जातं.

होतो, झालेला आहे, आणि खुद्द मेनोनाईटांमध्ये झालेला आहे. जॉन हॉवर्ड योडर हे विसाव्या शतकातले सर्वांत प्रसिद्ध मेनोनाईट ईश्वरविज्ञानी. त्यांनी अहिंसेवर आणि वधस्तंभावर जगभर वाचलं गेलेलं लिखाण केलं, आणि त्याच माणसानं वर्षानुवर्षं स्त्रियांचा लैंगिक छळ केला. पीडितांची संख्या १०० हून अधिक असल्याचं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आलं. ज्या सेमिनरीत (पाळकांना शिक्षण देणाऱ्या संस्थेत) ते शिकवत होते, तिनं त्याच वर्षी मार्चमध्ये उपासना घेऊन जाहीर पश्चात्ताप केला. इतकी वर्षं संस्था गप्प राहिल्या, त्यामागे क्षमा आणि सहनशीलतेचीच भाषा वापरली गेली.

यावर माझं मत ठाम आहे. वधस्तंभ स्वतः उचलायचा असतो, तो दुसऱ्याच्या खांद्यावर लादता येत नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "तुझा वधस्तंभ वाहा" असं सांगणारा पाळक ॲनाबॅप्टिस्टांची शिकवण सांगत नाही. तो मारणाऱ्याला मदत करतो. त्या बाईला सुरक्षित जागा, पोलिसांकडे सोबत यायला माणसं आणि कायद्याची मदत मिळवून देणं हे मंडळीचं कर्तव्य आहे. ॲनाबॅप्टिस्ट स्वतः छळातून पळून जात. पेत्र आणि पौलही गेले. पळणं हा अविश्वास नव्हे.

क्षमा केली म्हणजे दुःख संपतं का?

२ ऑक्टोबर २००६ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या निकेल माइन्स या आमिश वस्तीच्या शाळेत एका माणसानं दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच जणी गेल्या. त्यानं स्वतःलाही मारून घेतलं. त्याच दिवशी आमिश माणसं त्याच्या घरच्यांना भेटायला गेली, पुढे त्याच्या दफनालाही गेली. जगभरच्या बातम्यांत क्षमेची गोष्ट पोचली. त्या आईबापांचं रडणं मात्र थांबलेलं नव्हतं. क्षमा हा त्यांनी घेतलेला निर्णय होता, आणि मनानं त्या निर्णयाला गाठायला वेळ लागतो, पुन्हापुन्हा क्षमा करावी लागते, हे त्या लोकांनी नंतर सांगितलं आहे. हल्ला झालेली शाळा पाडून टाकली, जवळच नवी बांधली आणि तिला 'नवी आशा' असं नाव दिलं.

सगळेच ॲनाबॅप्टिस्ट शांततावादी होते का?

नव्हते. १५३४-३५ मध्ये म्युन्स्टर शहर काही ॲनाबॅप्टिस्टांनी ताब्यात घेतलं, देवाचं राज्य तलवारीनं आणायला निघाले, आणि शेवट भयानक झाला. आपण देवाच्या भविष्यातल्या बेताचे जाणकार आहोत अशी त्यांच्या पुढाऱ्यांची खात्री होती. मेन्नो सिमन्सचं पुढचं सगळं काम त्या राखेतून लोकांना सावरण्याचं होतं. हुबमायरही राज्यकर्त्याच्या हातातली तलवार योग्य मानत असे. शपथ आणि तलवार नाकारणारी भूमिका १५२७ च्या फेब्रुवारीतल्या श्लाइटहाइमच्या सात कलमांत आली, आणि पुढे तीच परंपरेची ओळख बनली.

भविष्य देवालाही पूर्ण ठाऊक नसतं, असं मानणारे ॲनाबॅप्टिस्ट आहेत का?

अलीकडे काही आहेत. अमेरिकन पाळक ग्रेगरी बॉइड यांची मांडणी अशी की माणसांच्या स्वतंत्र निवडी अजून झालेल्याच नाहीत, म्हणून देवाला त्या शक्यता म्हणून ठाऊक असतात. ॲनाबॅप्टिस्ट विचारांकडे त्यांचा ओढा आहे आणि मेनोनाईट वाचकही त्यांना आवडीनं वाचतात. जुन्या कबुलीनाम्यांत मात्र देवाचं पूर्वज्ञान पूर्ण आहे. मला जुनीच बाजू पटते, पेत्राच्या त्या रात्रीमुळे. पण मुलांवरच्या अत्याचारासारख्या वाईटाचा दोष देवावर येऊ नये म्हणून बॉइड ज्या कळकळीनं झटतात, ती कळकळ मला परकी वाटत नाही.

भारतात हे लोक आहेत का?

आहेत, आणि इथली त्यांची गोष्टच दुष्काळापासून सुरू होते. १८९७ च्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाईटांनी भारतासाठी मदत पाठवली, आणि १८९९ मध्ये त्यांचे पहिले मिशनरी मुंबईच्या बंदरावर उतरून मध्य प्रांतातल्या धमतरीला गेले. नागपूर राजधानी असलेल्या त्याच प्रांतात मराठी वऱ्हाडही पुढे सामील झाला. ते पोचले तेव्हा नवा दुष्काळ सुरू होत होता, त्यामुळे अनाथ मुलांना सांभाळणं आणि अन्न वाटणं हेच पहिलं काम झालं. धमतरीचं ख्रिश्चन हॉस्पिटल आजही चालू आहे. चांपा इथे कुष्ठरुग्णांसाठी काम उभं राहिलं. तेलंगणात मेनोनाईट ब्रदरन या शाखेच्या मंडळ्या मोठ्या संख्येनं आहेत. १९९७ च्या जानेवारीत मेनोनाईटांची जागतिक परिषद कोलकात्यात भरली होती.

छळ करणाऱ्यांच्या वारसांनी कधी क्षमा मागितली का?

मागितली. झुरिकमध्ये २००४ साली झ्विंग्लीच्या परंपरेतल्या रिफॉर्म्ड मंडळीनं जुना अन्याय मान्य केला आणि मान्झसह तिथे बुडवलेल्यांच्या स्मरणार्थ लिमाटच्या काठी शिळा बसली. २०१० मध्ये श्टुटगार्टला जागतिक ल्यूथरन महासंघानं मेनोनाईटांची औपचारिक क्षमा मागितली.

देवाला आधीच सगळं माहीत आहे, तर प्रार्थना कशाला करायची?

तुम्ही मागण्याआधीच तुमच्या पित्याला तुमच्या गरजा ठाऊक आहेत, असं येशू मत्तयाच्या सहाव्या अध्यायात म्हणतो, आणि लगेच पुढच्या वाक्यात "म्हणून अशी प्रार्थना करा" असं शिकवतो. त्याच्या दृष्टीनं देवाला ठाऊक असणं हे प्रार्थना न करण्याचं कारण नाही, उलट ते करण्याचं कारण आहे. ज्याला समजावून सांगावं लागत नाही, त्याच्याशी माणूस मोकळेपणानं बोलतो. शिवाय त्यानं स्वतः गेथशेमानेत, पुढे काय होणार हे पूर्ण ठाऊक असताना, हा प्याला टळू दे असं मागितलं. एकदा नव्हे, तीनदा. तेव्हा आजारी मुलासाठी, चालत नसलेल्या संसारासाठी, लांबलेल्या खटल्यासाठी मागताना संकोच करू नका, आणि रडून मागायचं असेल तर रडून मागा.